अंगणातला हौद आणि पहिली मूठ

एका गावात एक म्हातारा गवंडी होता. त्याचा हात पंचक्रोशीत नावाजलेला होता, आणि जीभही. कुणी म्हणालं, "बाबा, भिंत जरा लवकर होईल का?" की तो म्हणायचा, "होईल की. पडेलही लवकर." त्यामुळे काम असलं की लोक यायचे आणि काम झालं की फिरकायचे नाहीत. बायको होती तोवर तिच्यामुळे घरात माणसांची ये-जा होती. ती गेली, मुलगी लांबच्या गावी नांदायला गेली, आणि मग दार दिवसभर उघडं असूनही उंबरा ओलांडून कुणी येईना. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. ज्यांच्या घरात माणसं असतात, तेच लोक असं म्हणतात. गवंड्याच्या घरात मात्र अंगणात एक आड, आडाजवळ एक तुळस आणि ओट्यावर तो स्वतः, एवढंच उरलं होतं.

गावाच्या खालच्या अंगाला नदी होती आणि नदीत एक डोह होता. डोहात देवाचे मासे राहायचे. चांगले हातभर लांब, पिवळसर अंगाचे, मोठाल्या खवल्यांचे. त्यांना कुणी पकडायचं नाही, साधा खडाही मारायचा नाही. उलट गावाची एक रीत होती, तिला 'पहिली मूठ' म्हणायचे. घरात काही गोडधोड झालं, बाळ जन्मलं, कुणी आजारी पडलं, मुलगी सासरी निघाली, की अन्नाची पहिली मूठ डोहात टाकायची. लाह्या, कणकेचे गोळे, भाकरीचा चुरा, ज्याला जे जमेल ते. मासे वर यायचे, तोंड उघडायचे, घास घ्यायचे, आणि माणूस हात जोडून घरी जायचा. बाकीच्या गावांत आधी पोटोबा, मग विठोबा. या गावात आधी मासे होते, बाकीच्यांचं काय ते नंतर.

गवंड्याची बायकोही मूल व्हावं म्हणून पाच वर्षं मूठ टाकत होती. एका माशाच्या शेपटीचा तुकडा उडालेला होता. तो नेमका तिच्याच हाताजवळ यायचा. ती त्याला लाडानं 'तुटक्या' म्हणायची. मुलगी झाली ती तुटक्याच्या आशीर्वादानं, असं ती मरेपर्यंत सांगत राहिली. गवंडी तेव्हा हसायचा. पण ती गेल्यावर नदीवर गेला की त्याचे डोळे आधी तुटक्याला शोधायचे, आणि तो दिसला की म्हाताऱ्याला त्या दिवशी जेवण जरा बरं जायचं.

नदीच्या वळणापलीकडे एक भोईण राहायची. डोहापासून लांब, खालच्या पाण्यात ती जाळं टाकायची आणि धरलेले मासे बाजारात विकायची. तिच्या सात पिढ्यांचं पोट त्यावरच चाललं होतं. भोयांनी डोहाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत आणि मूठ टाकायची नाही, असा गावाचा दंडक होता. मारणारा हात देवाच्या माशाला लागू नये म्हणून. भोईणीलाही त्यात वावगं वाटत नसे. जाता-येता ती वरच्या वाटेवरूनच हात जोडायची.

मग एक पावसाळा कोरडा गेला आणि पाठोपाठ दुसराही गेला. नदीची धार तुटली. डोह आटत आटत गुडघ्याएवढा झाला. रोज एखादा मासा उलटा तरंगताना दिसायचा आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. शेवटी नऊ मासे उरले, तेव्हा गाव देवळापुढच्या पारावर जमलं.

देवळाचा गुरव म्हणाला, "महिन्याभरात डोहाचा चिखल होईल. मासे गेले तर या गावाला गाव कोण म्हणेल?"

पाटलांनी विचारलं, "पाणी कुणाच्या आडाला आहे?"

सगळ्यांनी गवंड्याकडे पाहिलं. गावात त्याच्याच आडाला अजून पाझर होता.

गवंडी म्हणाला, "आणा माझ्या अंगणात. पण खड्डा खणता यायचा नाही. तिथं वीतभर मातीखाली काळा फत्तर आहे. जमिनीच्या वर उभा हौद बांधावा लागेल. मी बांधतो. फक्त एक करा, मला घाई करू नका."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पडक्या धर्मशाळेच्या विटा लोकांनी डोक्यावरून वाहून आणल्या. चुना भिजला, चुन्याच्या घाण्यात, दगडी चाकाखाली, बैलानं तो मळला. त्यात गवंड्यानं गूळ घातला, बेलफळाचा गर घातला, हिरड्याचं पाणी घातलं. आठ हात लांब, पाच हात रुंद आणि कमरेएवढा उंच असा हौद हळूहळू उभा राहिला. माशांच्या अंगाला टोचू नये म्हणून त्यानं चारही कोपरे गोल केले. तळाला उतार दिला आणि उताराच्या टोकाला पाणी सोडायला लाकडी बूच बसवलं. वर बांबूचा मांडव घालून सावली केली. आतला गिलावा त्यानं तळहातानं घोटला, इतका की त्यात तोंड दिसावं.

दहाव्या दिवशी हौद भरला. लोक हंडे घेऊन डोहाकडे निघाले, तेवढ्यात गवंड्यानं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि तो म्हणाला, "थांबा. पाणी चावतंय."

"पाणी कसं चावेल?" गुरव म्हणाला.

"नवा चुना पाण्यात उतरतो. या पाण्यात मासा सोडला तर त्याचे कल्ले भाजतील. सात दिवस हे पाणी असंच राहू दे. मग सोडून देऊ आणि नवं भरू. अशी तीन पाणी झाली पाहिजेत."

गावात एकच गलका झाला. लोक घोटाघोटानं पाणी पीत होते, आणि हा म्हातारा हौदभर पाणी मोरीतून सोडून द्यायला निघाला होता! तिकडे डोहात मासे तडफडत होते. गुरव म्हणाला, "अरे, परवाचा मुहूर्त चांगला आहे."

गवंडी म्हणाला, "मुहूर्त पंचांगात नाही, माझ्या जिभेवर आहे."

लोकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. आडमुठा म्हणाले, पाषाण म्हणाले. त्या एकवीस दिवसांत डोहात आणखी दोन मासे मेले, तेव्हा कुणीतरी त्याच्या दारावर शेणाचा गोळाही मारला. म्हाताऱ्यानं ते शेण धुतलं आणि पहिलं पाणी सोडलं. मग दुसरं सोडलं. तिसऱ्या पाण्याच्या सातव्या दिवशी त्यानं पुन्हा बोट जिभेला लावलं. पाणी मुकं होतं, पाण्यासारखं होतं. त्यानं तेही सोडून दिलं, आडाचं नवं पाणी भरलं आणि सांगितलं, "आता आणा."

सात मासे हंड्यांतून आले. त्यांत तुटक्या होता. तो हौदात उतरला, गोल कोपऱ्यातून एक फेरी मारून आला आणि तळाशी जाऊन शांत झाला. एकही मासा मेला नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळून चुकलं होतं की म्हातारा बरोबर होता.

पाटलांनी भर अंगणात त्याच्या खांद्यावर शेला घातला. गुरवानं त्याच्या पायाला हात लावला. ज्यानं शेण मारलं होतं तो कोपऱ्यात उभा राहून रडला. आयुष्यभर त्यानं लोकांची घरं बांधली होती, पण त्याच्या घरात इतकी माणसं त्यानं एकदाच पाहिली होती, बायकोला नेलं त्या दिवशी.

आणि त्या दिवसापासून अंगण माणसांनी भरून वाहू लागलं.

डोह गावापासून अर्ध्या कोसावर होता. तिथं सणावाराला जाणं व्हायचं, नड असली तर जाणं व्हायचं. गवंड्याचं अंगण मात्र हाकेच्या अंतरावर होतं. पाण्याला निघालेली बाई जाता-जाता मूठ टाकायची आणि येता-येता दुसरी. सकाळी म्हातारे यायचे, दुपारी पोरीबाळी, दिवेलागणीला पुरुष. 'बाबा, बसू का जरा?' म्हणत लोक ओट्यावर टेकायचे. कुणी ताकाचा लोटा आणायचं, कुणी म्हाताऱ्याच्या पाठीला तेल लावून द्यायचं. म्हाताऱ्याची जीभ मऊ झाली. तो पोरींना तुटक्याची गोष्ट सांगायचा आणि सांगता सांगता बायकोचं नाव घ्यायचा. किती तरी दिवसांत ते नाव त्या अंगणात उच्चारलं गेलं नव्हतं.

दिवस दुष्काळाचे होते हे विसरू नका. घरोघरी अर्धी भाकरी चौघांत होत होती. तरीही प्रत्येक जण त्यातून मूठ काढत होता. आईनं स्वतःच्या ताटातली काढली, आजीनं उपास करून काढली. कुणी वाईट नव्हतं, कुणी लबाड नव्हतं. या गोष्टीत एखादा दुष्ट माणूस असता तर मला ती सांगायला सोपी गेली असती.

डोहात वाहतं पाणी होतं. उरलेला घास धार वाहून न्यायची. हौदाला धार कुठली? जे खाल्लं गेलं नाही ते तळाशी बसत गेलं. लाह्या फुगल्या, कणीक विरघळली, उतारावर बुळबुळीत थर साचला. पाणी हिरवट झालं.

एके दिवशी उजाडता उजाडता गवंडी अंगणात आला, तर सातही मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. इतक्यात पाण्याला निघालेल्या बायका आल्या.

"अगं बाई, बघा कसे घास मागतायत! रात्रभर उपाशी गं बिचारे."

मुठी पडल्या. उन्हं वर आली तसे मासे खाली गेले. बायका म्हणाल्या, "पोट भरलं, आता निजले."

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मासे उन्हं वर आल्यावरही बराच वेळ वरच होते. त्यामुळे लोकांनी जास्त मुठी टाकल्या. गवंड्यानं सवयीनं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. पाणी आंबूस लागलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. अंगण भरलेलं होतं, एक म्हातारी त्याच्यासाठी फडक्यात गरम भाकरी बांधून घेऊन आली होती. तो थुंकला आणि मनाशी म्हणाला, 'लाह्यांची चव असेल.' चुन्याच्या वेळी हीच जीभ साऱ्या गावाला भारी पडली होती. आता तिनं सांगितलेलं त्यानं ऐकलं नाही.

त्याच सकाळी लोक पांगल्यावर कुंपणापलीकडून हाक आली, "गवंडीदादा."

बाहेर भोईण उभी होती. दंडक होता म्हणून ती आत आली नव्हती, पण कुंपणावरून तिला हौद दिसत होता.

"दादा, रागावू नका. पण हे मासे भुकेले नाहीत."

"मग तोंड का वासतायत?"

"त्यांना श्वास मिळत नाही. पाणी कुजलंय. मी जाळ्यातले मासे टोपलीत मरताना जन्मभर बघत आलेय. मरणारा मासा असंच तोंड उघडतो."

गवंड्यानं हौदाकडे पाहिलं. भोईण भराभर बोलू लागली. बोलणं मध्येच तोडलं जाईल अशी तिला भीती वाटत असावी.

"दार लावून घ्या. चार दिवस एक दाणासुद्धा पडू देऊ नका. बूच काढून अर्धं पाणी सोडा, तळाची घाण जाऊ द्या. मग नवं पाणी आडातून काढाल ते उंचावरून ओता, घागर डोक्याच्या वर धरून. पाण्याला वारा लागला पाहिजे. सकाळी ओता, संध्याकाळी ओता. दादा, ते अजून जगतील."

"लोक काय म्हणतील?"

भोईण म्हणाली, "तीन पाणी सोडली तेव्हा तुम्ही कुठं विचारलंत, लोक काय म्हणतील म्हणून?"

ती गेली. गवंडी बराच वेळ ओट्यावर बसून होता. भोईण खरं बोलत होती हे त्याला कळत होतं. दार लावायचं म्हणजे काय हेही कळत होतं. चुन्याच्या वेळी गमावण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. आता ताकाचा लोटा होता, गरम भाकरी होती, 'बाबा' म्हणून येणारी पोरंसोरं होती. पण हौदात तुटक्या होता. शेवटी तो उठला. त्यानं अंगणाच्या दाराला आतून अडसर घातला, बूच काढलं आणि घाण पाणी सोडायला सुरुवात केली. अर्धा हौद रिकामा झाल्यावर बूच लावून तो आडावर गेला. पाझर कमी झाला होता, घागर भरायला वेळ लागत होता. त्यानं पहिली घागर डोक्यावर उचलली आणि ओतली. पाणी फेसाळत पडलं, आणि जिथं पडलं तिथं तुटक्या धावून आला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

दुपार झाली तशी दारावर थाप पडली.

"बाबा, दार का लावलंय?"

"मासे आजारी आहेत. चार दिवस कुणी मूठ टाकायची नाही."

बाहेर कुजबुज झाली. गुरवाचा आवाज आला, "बाबा, आजाऱ्याला उपाशी ठेवतात होय? मुकी जनावरं तोंड वासतायत आणि तुम्ही दार लावता? तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"भोईणीनं."

बाहेर कुणीतरी हसलं. "मासे मारणारी मासे जगवायला निघाली? बाबा, मांजराला विचारून दूध तापवता का?"

गवंडी घागरी ओतत राहिला. एक, दोन, पाच, सात. त्याचे खांदे थरथरायला लागले. बाहेरचे लोक दमून एकेक करून घरी गेले. उन्हं कलली. मासे आता पाण्याखाली होते आणि हळू का होईना, फिरत होते. म्हाताऱ्याला वाटलं, निभलं.

तेवढ्यात पुन्हा थाप पडली. या वेळी एकच हात होता, आणि हलका होता.

"बाबा, मी आहे. माझ्या लेकीला तीन दिवस ताप आहे. डोळे उघडत नाही. एकच मूठ टाकू द्या."

"नाही, बाई. आज नको. मासे घुसमटलेत."

"एकच मूठ, बाबा. घरात पसाभर लाह्या होत्या, त्यातली आणलीय. एका मुठीनं काय होणार?"

"चार दिवस थांब."

"ती चार दिवस थांबेल का?"

गवंड्यानं अडसरावर हात ठेवला, पण काढला नाही. मग दारापलीकडून ती बाई म्हणाली, "बाबा, तुमच्या घरातून मूठ जायची, तेव्हा कुणी दार लावलं होतं का हो?"

तुम्ही असतात तर काय केलं असतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. गवंड्यानं अडसर काढला.

बाईनं मूठ टाकली, हात जोडले, डोळे पुसले. खरंच एकच मूठ होती. पण गावात दार उघडल्याचं कळायला असा कितीसा वेळ लागतो? तिला आत घेतलं आणि आम्हाला का नाही, असं म्हणत शेजारीण आली. तिच्यामागे तिची सासू आली. मग गुरव आला, आणि सगळ्यांना आत येता यावं म्हणून त्यानंच दार सताड उघडलं. दिवसभराच्या अडलेल्या मुठी एकदम पडल्या. मासे दिवसभर उपाशी होते ना, म्हणून लोकांनी दोन-दोन टाकल्या. कुणी म्हाताऱ्याच्या दुखऱ्या खांद्यांना तेल चोळलं. "बाबा, तुम्ही आम्हाला लोटलंत, पण आम्ही रागावलो नाही हो," असं म्हणत ते त्याच्याभोवती बसले. गवंडी त्यांच्यामध्ये मान खाली घालून बसून राहिला, आणि त्या रात्री अंग मोडून गेल्यामुळे त्याला गाढ झोप लागली.

उजाडलं तेव्हा सहा मासे उलटे तरंगत होते.

तुटक्या एकटा कोपऱ्यात तोंड वर काढून होता. ते तोंड आता उघडतही नव्हतं पुरतं. गवंडी ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. तो आडाकडे धावला, घागर ओतली, पुन्हा धावला. आडात पाणी राहिलं नव्हतं; तळाची माती घागरीत आली. मासे कसे आहेत ते बघायला भोईण कुंपणाकडे येतच होती; त्याचं ओरडणं ऐकून ती पळत आली, आणि आज ती कुंपणाशी थांबली नाही. ती सरळ हौदात उतरली. तिनं दोन्ही हातांनी तुटक्याला पोटाखालून धरलं आणि पाण्यात पुढे-मागे, पुढे-मागे नेऊ लागली, त्याच्या कल्ल्यांतून पाणी फिरावं म्हणून. मासे धरण्यात जन्म गेलेले ते हात होते, पण तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी ती त्याला धरून होती.

"श्वास घे रे," ती म्हणत होती. "घे रे, राजा."

त्यानं दोनदा कल्ले हलवले. तिसऱ्यांदा हलवले नाहीत. तरीही ती त्याला बराच वेळ हलवत राहिली, आणि गवंड्यानं तिला थांबवलं नाही.

गाव जमलं. बायका रडल्या, खऱ्या रडल्या. मग कारण शोधणं सुरू झालं. कुणी म्हणालं, हौदाला वास्तुदोष होता. कुणी म्हणालं, तिसरं पाणी सोडायला नको होतं. एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की भोईण ओल्या लुगड्यानं हौदाशेजारी उभी आहे, आणि मग दुसरं कारण शोधायची गरज उरली नाही.

"काल कुंपणावरून हीच डोकावत होती."

"हिचीच नजर लागली. आणि आज हातही लागला."

गवंडी उभा राहिला. "तिचं काही नाही. ती सांगत होती ते खरं होतं. मासे आपल्या मुठींनी मेले. आणि दार मी उघडलं."

लोकांच्या डोळ्यांत राग नव्हता, दया होती. गुरवानं म्हाताऱ्याला खांद्याला धरून ओट्यावर बसवलं. "बाबांना दुःख सहन होत नाहीये," तो म्हणाला. "स्वतःवर घेतायत. मोठ्या मनाचा माणूस." खरं बोलल्याबद्दल शिव्या खाल्लेल्या परवडल्या. पण त्याबद्दल कौतुक झालं की त्या खऱ्याचं मग काहीच उरत नाही.

तापानं फणफणलेली ती मुलगी तिसऱ्या दिवशी उठून बसली. तिची आई अंगणात आली आणि रिकाम्या हौदापुढे डोकं टेकून म्हणाली, "माशांनी माझ्या लेकीचं दुखणं स्वतःवर घेतलं." गवंड्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला तो काय सांगणार होता? गावात तीच गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली, आणि ती ऐकायला इतकी छान होती की दुसरी कुणाला नकोच होती.

भोईणीला बाजारात सुके मासेही कुणी विकू देईना. एके सकाळी गवंडी काठी टेकत नदीच्या वळणापलीकडे गेला, तर खोपट मोकळं होतं. चुलीतली राख थंड होती. जाळ्याची एक तुटकी दोरी खुंटीला तेवढी राहिली होती. ती कुठल्या गावाला गेली हे कुणी सांगू शकलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

हळूहळू अंगणही ओस पडलं. मासेच नाहीत तर मूठ टाकायला येणार कोण? ताकाचा लोटा थांबला, गरम भाकरी थांबली. ज्या माणसांसाठी त्यानं दार उघडलं होतं, ती त्या दारातून पुन्हा आली नाहीत. यात त्यांचा काही राग नव्हता. त्यांना नुसतं काम उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नदीला पाणी आलं. डोह काठोकाठ भरला, पहिल्यासारखा निळा दिसू लागला. पाण्याबरोबर देवाचे मासेही परतले असणार म्हणून गावात आनंदीआनंद झाला, आणि पहिल्या पिकाची पहिली मूठ घेऊन सारं गाव पायऱ्यांवर जमलं. गवंडीही आला आणि शेवटच्या पायरीवर बसला.

मुठी पडल्या. पांढऱ्या लाह्या पाण्यावर पसरल्या. लोक वाट बघत राहिले. लाह्या गोल फिरल्या, धारेला लागल्या आणि वळणाकडे वाहून गेल्या. खालून कुणीच वर आलं नाही.

गुरव म्हणाला, "आज भूक नसेल त्यांना."

लोकांनी समाधानानं हात जोडले.

गवंड्याला राहवेना. त्याला ओरडून सांगायचं होतं की डोह रिकामा आहे, कालही रिकामा होता आणि उद्याही रिकामाच राहील. तो उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्याचं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. जवळच ती मुलीची आई उभी होती. तिचं लक्ष गेलं. तिला त्याची फार माया आली.

"अगं बाई, बाबा सकाळपासून उपाशी दिसतायत," ती म्हणाली, आणि तिनं आपल्या पदरातल्या लाह्यांची एक मूठ भरून त्याच्या हातावर ठेवली.

तात्पर्य: उघडलेलं प्रत्येक तोंड घास मागत नसतं. द्यायच्या आधी, समोरच्याला काय हवंय ते जाणत्याला विचारावं, मग तो जाणता आपल्या पंगतीत बसणारा नसला तरी. आणि जे दार जिवासाठी लावलं, ते मायेच्या माणसानं ठोठावलं तरी उघडू नये.